अमानत आणि संमती

खालाच्या फाईलमधला तो छोटा स्टिकर आमच्या नजरेस पडला, तेव्हा तिचं ऑपरेशन होऊन आठ महिने झाले होते. विम्याच्या कागदांसाठी मावसभावाने फाईल आमच्याकडे दिली होती. शरीरात बसवलेल्या वस्तूच्या डब्यावरचं लेबल रुग्णाच्या कागदांना चिकटवण्याची पद्धत असते, तसंच ते होतं. नंबर, तारीख, लांबी-रुंदी आणि बारीक अक्षरांत एक इंग्रजी शब्द, 'पोर्साइन'. अर्थ आम्हाला ठाऊक होता, तरी शब्दकोश काढून पाहिला. कधी कधी माणूस अर्थ कळावा म्हणून शब्दकोश उघडत नाही. आपला अर्थ चुकीचा निघावा, एवढ्या आशेने उघडतो.

पोर्साइन म्हणजे डुकराचं.

ही गोष्ट 2011 सालची. खाला कोकणातली, पासष्टीची, पाच वक्त नमाज पढणारी. काही वर्षांपूर्वी आतड्याला पीळ पडला म्हणून तिचं पोट उघडावं लागलं होतं. ती जखम चिघळली आणि पुढे टाक्यांच्या जागी पोटाची भिंत सैल पडून फुगवटा आला. यालाच आपण हर्निया म्हणतो, जुने लोक अंतर्गळ म्हणत. पोटाच्या स्नायूंची भिंत फाटते आणि आतलं आतडं बाहेर डोकावू लागतं. तिथे प्लास्टिकची जाळी बसवली गेली. तीही पिकली, काढावी लागली. शेवटी मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या सर्जननी सांगितलं, "जागा जंतूंनी दूषित आहे, पुन्हा प्लास्टिक टिकणार नाही, बायोलॉजिकल मेश लावू." मावसभावाने इंग्रजी फॉर्मवर सही केली. बायोलॉजिकल म्हणजे काहीतरी नैसर्गिक, म्हणजे चांगलंच, असा त्याचा समज झाला. त्या तुकड्याची किंमत बाकीच्या सगळ्या बिलाहून जास्त होती. खालाच्या हातातल्या दोन बांगड्या त्यात गेल्या.

हा प्रकार नेमका काय असतो, ते थोडक्यात सांगायला हवं. हर्नियावर प्लास्टिकच्या धाग्यांची जाळी लावण्याची पद्धत अमेरिकेतल्या ह्यूस्टनचे शल्यविशारद फ्रान्सिस अशर यांनी 1950च्या दशकाच्या अखेरीस रूढ केली. ती स्वस्त आहे, मजबूत आहे, आज जगभर लाखो पोटांत आहे. तिचा एक दोष असा की जंतू तिला चिकटले तर सहजी सुटत नाहीत. म्हणून दुसरा मार्ग शोधला गेला. डुकराची त्वचा किंवा आतड्याचं अस्तर, गोवंशाची त्वचा किंवा हृदयाभोवतीचा पडदा, अथवा मृत माणसाची दान केलेली त्वचा घ्यायची. तिच्यातल्या सगळ्या पेशी धुऊन काढायच्या आणि उरलेली कोलॅजनची चौकट निर्जंतुक करून रुग्णाच्या पोटात शिवायची. रुग्णाच्या स्वतःच्या पेशी आणि रक्तवाहिन्या त्या चौकटीत शिरतील आणि हळूहळू ती त्याचीच होईल, अशी त्यामागची कल्पना. कल्पना सुंदर आहे यात शंका नाही. मात्र ती ज्याच्या पोटात शिवायची, त्याला ती सांगितली गेली का, हा आमचा प्रश्न आहे.

त्या रात्री घरात बैठक बसली. बैठकीत सगळे होते, फक्त खाला नव्हती. ती आतल्या खोलीत तस्बीह ओढत होती. एकाने म्हटलं, सांगायचं नाही, ती हाय खाईल. दुसऱ्याने म्हटलं, जे झालं ते नकळत झालं, नकळत झालेल्याचा गुन्हा नाही. तिसऱ्याने डॉक्टरला शिव्या घातल्या. शेवटी ठरलं की खालाला काही कळू द्यायचं नाही. आम्हीही मान डोलावली. स्टिकरवर एक कोरा कागद चिकटवून फाईल परत दिली. हे लिहिताना आम्हाला त्या कागदाची लाज वाटते.

आता धर्म काय सांगतो ते पाहू. डुकराचं मांस निषिद्ध, हे आपल्यात लहान मुलालाही ठाऊक असतं. पण अल्-बकरा सूरेच्या ज्या 173व्या आयतीत हा निषेध आहे, त्याच आयतीत लाचार झालेल्या माणसासाठी सूटही आहे. त्याने हौसेने किंवा मर्यादा ओलांडून केलेलं नसावं, एवढीच अट. निषेध जितका घरोघर पोचला, तितकी ही सूट पोचली नाही. फिकहच्या पंडितांनी यातून दोन तत्त्वं काढली आणि 1869 ते 1876 या काळात तयार झालेल्या उस्मानी साम्राज्याच्या 'मजल्ला' या कायदेसंहितेत ती लागोपाठच्या कलमांत आली. पहिलं असं की गरज निषिद्धाला मुभा देते. दुसरं असं की ती मुभा गरजेच्या मापाचीच असते, त्याहून तसूभर जास्त नाही. आपण पहिलं पाठ करतो आणि दुसरं विसरतो.

शरीरात परक्या प्राण्याचा अंश बसवण्याचा प्रश्न आजचा आहे, असं आम्हाला वाटत होतं. तो जुना निघाला. 1277 साली वारलेले सीरियातले इमाम नववी हे शाफई पंथाचे थोर फकीह. आपले कोकणी मुसलमान याच पंथाचे. त्यांच्या 'मिन्हाज'मध्ये मोडलेलं हाड सांधण्यासाठी नापाक हाड वापरण्याचा विचार केलेला आहे. पाक हाड मिळत नसेल तर नापाक वापरणारा माणूस निर्दोष ठरतो. पाक हाड मिळत असताना वापरलं असेल, तर ते काढलं पाहिजे, मात्र काढण्याने उघड इजा होणार नसेल तरच. हनफी पंथाच्या 'फतावा-ए-आलमगिरी'तही हाडाच्या उपचाराचा विषय येतो. तिथे इतर जनावरांच्या हाडाला हरकत नाही, पण डुकराचं आणि माणसाचं हाड टाळायला सांगितलं आहे. एक नापाक म्हणून आणि दुसरं माणसाची इज्जत म्हणून. शेकडो वर्षांपूर्वी, भूल नाही, निर्जंतुक खोली नाही, अशा काळात ही माणसं इतका बारीक विचार करत होती. आम्ही इंटरनेटच्या काळातले लोक डब्यावरचं लेबल वाचत नाही.

काही विद्वान आणखी एक वाट दाखवतात, 'इस्तिहाला'ची. वस्तूचं मूळ रूप पालटलं की तिचा हुकूमही पालटतो. दारूचा सिरका झाला की तो हलाल. मिठाच्या खाणीत पडून मीठ झालेलं जनावर हनफींच्या मते मीठच. 1995 साली कुवेतमध्ये इस्लामिक ऑर्गनायझेशन फॉर मेडिकल सायन्सेसच्या परिषदेत याच न्यायाने जिलेटिन पाक ठरवलं गेलं. पण आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 1986 सालच्या अम्मानच्या अधिवेशनात खाद्यपदार्थांतल्या डुकराच्या जिलेटिनला परवानगी दिली नव्हती. शाफई मत याबाबतीत कडक आहे. सिरक्याखेरीज ते कमावलेल्या कातड्याला मान्यता देतं, पण कुत्र्याच्या आणि डुकराच्या कातड्याला नाही. गंमत पाहा. यांतल्या काही वैद्यकीय पट्ट्या पक्क्या करण्यासाठी ग्लुटराल्डिहाइड वापरतात आणि तेच रसायन चामडं कमावण्याच्या धंद्यातही वापरलं जातं. म्हणजे चामडं कमावल्याने पाक होतं का, हा जुना वाद शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत चालत आला आहे. शिवाय पेशी धुतलेली त्वचा म्हणजे रूप पालटलेली वस्तू की नुसती स्वच्छ केलेली? सिरक्यात दारू उरत नाही, पण या पट्टीत कोलॅजनची मूळ वीण तशीच राहते, आणि तिच्यासाठीच तर ती वापरतात. आम्हाला हा आधार डळमळीत वाटतो. ज्यांना भक्कम वाटतो, त्यांच्याशी आमचं भांडण नाही.

कोणी म्हणेल, एवढा विचार करायचा तर जगायचं कसं? बरोबर आहे. मानवी इन्सुलिनला 1982 साली मान्यता मिळाली, त्याआधी मधुमेहाचे आपले किती तरी वडीलधारे गायी-डुकरांच्या इन्सुलिनवर जगले. रक्त गोठू नये म्हणून दिलं जाणारं हेपॅरिन आजही मुख्यतः डुकराच्या आतड्यातून काढतात. हृदयाच्या झडपा डुकराच्या ऊतीच्या असतात. 2022च्या जानेवारीत अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये एका माणसाला जनुकं बदललेल्या डुकराचं हृदय बसवलं गेलं. तो सुमारे दोन महिने जगला. या प्रयोगामागचं बरंचसं संशोधन मुहम्मद मोहिउद्दीन या पाकिस्तानात जन्मलेल्या मुसलमान डॉक्टरांचं होतं. डुकरावर काम करताना आपल्या माणसांच्या प्रश्नांना त्यांनाही तोंड द्यावं लागलं. मरणाच्या दारातल्या माणसाला वाचवायचं तर हे करावं, यात आमच्या मनात शंका नाही. एक जीव वाचवणं म्हणजे सगळ्या माणुसकीला वाचवणं, ही शिकवण डुकराच्या निषेधाहून लहान नाही.

पण खाला मरणाच्या दारात नव्हती. ऑपरेशनची तारीख तीन आठवडे आधी ठरली होती. विचारायला वेळ होता, विचारणारं कोणी नव्हतं.

आम्ही दोन मौलानांकडे गेलो. पहिल्यांनी दोन मिनिटांत निकाल दिला. गरजेपोटी झालं, माफ आहे, म्हाताऱ्या बाईला सांगून तिच्या मनात वसवसा घालू नका. आम्ही सुटलो असं वाटलं. दुसरे शाफई होते, वयाने लहान. त्यांनी उत्तर देण्याऐवजी आम्हालाच विचारलं, "दुसरं काही मिळत होतं का? डॉक्टरांना विचारलंत का?" आम्ही गप्प. ते म्हणाले, "मग मी गरज होती की नव्हती हे कसं सांगू? ते माझ्या किताबात लिहिलेलं नाही, ते डॉक्टरांना ठाऊक."

हे वाक्य आमच्या मनात रुतून बसलं. गरज हा शब्द फिकहचा असला, तरी त्याचा पुरावा वैद्यकाने द्यायचा असतो. सर्जन म्हणाला पर्याय नाही, तर मौलानांनी हो म्हणायचं. पण सर्जनचं म्हणणं तरी कशावर उभं आहे? आम्ही त्या सर्जनना भेटलो. ते वाईट गृहस्थ नव्हते. म्हणाले, "गायीच्या हृदयावरणाचं मिळतं, पण मला याची सवय आहे." मग जरा थांबून म्हणाले, "खरं सांगू? आधी सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात." म्हणजे नको म्हणण्याचा आमचा हक्क त्यांना ठाऊक होता. म्हणूनच तो वापरायची संधी दिली गेली नाही.

पुढे वैद्यकानेच या गरजेची झडती घेतली. डुकराच्या त्वचेपासून केलेल्या अशाच एका पट्टीचा दूषित हर्नियांवरचा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. 80 रुग्णांपैकी 28 टक्क्यांना दोन वर्षांत हर्निया पुन्हा उलटला. मग 2022 साली अमेरिकेतल्या पाच केंद्रांतल्या 253 रुग्णांचा अभ्यास आला. त्यात कोणाला प्लास्टिकची जाळी आणि कोणाला डुकराच्या त्वचेची पट्टी लावायची, ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं. दोन वर्षांनंतर पट्टीवाल्यांपैकी 20.5 टक्क्यांना हर्निया पुन्हा झाला, जाळीवाल्यांपैकी 5.6 टक्क्यांना. जंतुसंसर्गाच्या बाबतीत पट्टीचा जो फायदा सांगितला जात होता, तोही दिसला नाही. जाळीची मध्यम किंमत 105 डॉलर, पट्टीची 21,539 डॉलर. म्हणजे जी वस्तू लाचारी म्हणून स्वीकारायची, ती महागही होती आणि उणीही. 2011 साली सर्जनना हे कसं ठाऊक असणार, हे आम्हाला कबूल आहे. जाळी एकदा पिकल्यावर पुन्हा तीच लावायला ते कचरले, हेही समजण्यासारखं आहे. पण त्यांना ठाऊक नव्हतं, हेच तर त्यांनी सांगायला हवं होतं. अंदाजाला खात्रीचा डगला चढवला की अंदाजाचीही गरज बनते आणि मग त्या गरजेवर फतवाही निघतो.

संमतीबद्दल आपल्या देशाचा कायदा मुका नाही. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2008 मध्ये निकाल दिला. तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय काढलं गेलं होतं, संमती तिच्या आईची घेतली होती. न्यायालयाने सांगितलं की शुद्धीवर येऊन स्वतः ठरवू शकणाऱ्या सज्ञान व्यक्तीच्या वतीने, जिवाची घाई नसताना, दुसऱ्या कोणी होकार देऊन चालत नाही. आणि होकार पुरेशा माहितीवर उभा असला पाहिजे. खालाच्या ऑपरेशनला तेव्हा तीन वर्षांचा अवकाश होता. फॉर्मवर सही तिच्या मुलाची होती. ती शुद्धीत होती, उर्दू वाचत होती, मराठी बोलत होती, घरचा हिशेब तोंडी ठेवत होती.

शरीर अल्लाहची अमानत आहे, असं आपण म्हणतो. हे वाक्य बहुतेक वेळा माणसाला काही करण्यापासून रोखायला वापरलं जातं. पण अमानत ज्याच्याकडे सोपवली, जबाबही त्यालाच द्यायचा असतो. खालाच्या देहाची अमानत खालाकडे होती. ती तिच्या मुलाकडे नव्हती, सर्जनकडे नव्हती, मौलानांकडे नव्हती, आमच्याकडे तर नव्हतीच. ज्याला जबाब द्यायचा आहे त्याला अंधारात ठेवून त्याच्या वतीने पुण्याचं काम करता येत नाही.

आणि हा प्रश्न आपल्याच मोहल्ल्यात राहणारा नाही. हर्नियाला वापरतात ती दुसरी पट्टी गोवंशाची असते. आमच्या शेजारचे शाकाहारी काका उद्या याच टेबलावर झोपले आणि गायीच्या हृदयावरणाचा तुकडा न सांगता त्यांच्या पोटात शिवला गेला, तर त्यांच्या मनाचं काय होईल? तेव्हा आपण 'माफ आहे' म्हणून हसणार का? दुसऱ्याच्या श्रद्धेची किंमत आपल्याला कळावी, म्हणून कधी कधी आपल्या श्रद्धेला ठेच लागावी लागते.

शेवटी आम्ही खालाला सांगितलं. चार महिने आणखी गेले होते. अंगणात ती तांदूळ निवडत बसली होती. आम्ही समोर बसलो आणि सगळं सांगितलं, कोरा कागद चिकटवल्याचंही. ती बराच वेळ खडे वेचत राहिली. मग तिने पहिला प्रश्न विचारला, "माझ्या नमाजा झाल्या ना?" दुसऱ्या मौलानांनी सांगितलेलं आम्ही तिला सांगितलं. नकळत झालेलं आहे, आता काढायचं तर जिवाला धोका आहे, नमाज होते. तिने मान हलवली.

"मग तुम्ही का लपवलंत?"

"तू हाय खाशील म्हणून, खाला."

"तुमच्या खालूंचा जनाजा या अंगणातून उठला तेव्हा मी हाय खाल्ली का?" तिचा आवाज चढला नव्हता. "कदाचित मी हो म्हटलं असतं. कदाचित म्हटलं असतं, राहू दे, पट्टा बांधून काढीन उरलेले दिवस. मला विचारलं असतं तर मी रात्रभर दुआ करून सकाळी सांगितलं असतं. ती रात्र तुम्ही मला दिली नाहीत."

डुकराबद्दल ती पुढे काही बोलली नाही. मुलावर मात्र ती आठ दिवस रागावलेली होती, आमच्यावर जरा जास्त.

डुकराच्या तुकड्याने हादरलेले आम्ही चार महिने खोटं बोलताना हादरलो नव्हतो. खोटंही हरामच. पण पोटातला हराम दिसतो आणि जिभेवरचा दिसत नाही, असा आमचा समज झालेला असावा.

वाचकांपैकी कोणावर किंवा घरातल्या कोणावर ही वेळ येईल. तेव्हा सहीच्या आधी चार प्रश्न विचारावेत. शरीरात काय बसवणार आणि ते कशाचं आहे? दुसरं काय मिळतं? साधी जाळी, माणसाने बनवलेली विरघळणारी जाळी, रुग्णाचेच स्नायू सरकवून केलेली दुरुस्ती, यांतलं काही का चालणार नाही? थांबलं तर काय होईल? आणि तुमच्या सांगण्यामागे पुरावा किती, सवय किती? अडकलेल्या हर्नियात आतडं काळं पडत असेल तर हे प्रश्न गुंडाळून ठेवावेत, तिथे गरज खरीच आहे. पण बहुतेक ऑपरेशनं तारीख घेऊन होतात. आणि प्रश्नांची उत्तरं आली की ती रुग्णाच्या कानावर घालावीत, त्याच्या भाषेत. त्याने हो म्हटलं तरी आणि नाही म्हटलं तरी, जबाब त्याचा.

खाला 2019 साली गेली. गुसल देणाऱ्या बायकांना तिच्या पोटावरचा लांब व्रण दिसला. एकीने बाहेर येऊन दबक्या आवाजात विचारलं की आत काही आहे का, ते काढावं लागतं का. आम्हाला 'मिन्हाज'मधला तो भाग आठवला. नापाक हाड बसवलेला माणूस वारला, तर अधिक सही मतानुसार ते काढत नाहीत. मेल्यावर त्याच्या देहाला कोणी हात लावायचा नाही. आम्ही त्या बाईला म्हटलं, "नाही, काही काढायचं नाही. तिला सगळं ठाऊक होतं."

एवढं तरी आम्हाला खरं सांगता आलं.